चालू की बंद

पहाटे पावणेपाच. डहाणूकर कॉलनी, पार्किंग.
गाडीच्या पडद्यावर नऊ अंश,
आणि ह्यांची कानटोपी, मफलर, वर शाल,
जणू लोहगावला नाही, लेहला निघालोय.

बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, आवाज नाही.
"चालू झाली का?"
"झाली."
उन्हाळ्यात ही अशीच निघते,
मांजर ओट्यावरून उतरतं तशी.
आज फाटकापर्यंतही पोचलो नव्हतो,
इंजिन खोकलं आणि उठून बसलं.
कुणी हाक मारली नव्हती.

"इंजिन लागलं," मी म्हटलं.
ह्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला.
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
टेस्टिंगला इंजिनं ओरडत राहिली;
कान तिथेच राहिले,
हात तेवढे रिटायर होऊन घरी आले.
"बाराशेवर आहे," म्हणाले.
ह्या गाडीला तो आकडा दाखवणारा काटाच नाही.
मी मान्य केलं.

पौड फाट्याला लाल दिवा. रस्त्यात एक कुत्रं.
तरी आपण थांबलो,
हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नाही.
एरवी इथे गाडी गप्प बसते.
आज उभ्या उभ्या घुरघुरतेय.
"फुकट पेट्रोल जाळतेय."
"फुकट कसं? पाणी तापवतेय.
मागची जाळी तापल्याशिवाय धूर साफ होत नाही.
आणि तू पायाशी हीटर लावलायस,
ती ऊब इंजिनातनंच येते ना?"
मी हीटर बंद केला.
नळ स्टॉपला परत लावला.
गार पाय ह्यांचेच होते.

जंगली महाराज रस्त्यावर ब्रेक दाबला,
चाकाकडून बॅटरीकडे जाणारी रेघ
अगदीच किरकोळ निघाली.
"घेत नाहीये फारसं."
"थंडीत बॅटरी हात आखडते. द्यायलाही, घ्यायलाही.
आमची बेबीआत्या तशीच.
रथसप्तमीनंतर जरा सुटायची."

संगम पुलावर धुकं,
धुक्यातही नदीचा वास ओळखीचा.
आरटीओच्या भिंतीशी वॉचमनची शेकोटी,
तिच्यात खोक्याची फळी आणि कुणाची तरी चप्पल.
अ‍ॅव्हरेज अठरा पॉइंट दोन.
मे महिन्यात सव्वीस होतं.
मी मोठ्यानं सांगितलं, ते हसले,
"आपलं तरी कुठे राहिलंय?"

बंडगार्डन पुलाशी, काही न सांगता,
इंजिन थांबलं.
टायरांचा आवाज वर आला,
डिकीत स्टेपनीजवळ काहीतरी टकटकत होतं,
ह्यांचा श्वास, मफलरमधून.
ह्यांचा हात अजून डॅशबोर्डवर.
"बंद झालं?"
"हो."
"मग सांग."
"काय सांगू?"
"रात्री फोनवर होतीस, तेव्हा पलंग हलत होता."

येरवड्यापर्यंत मी गियर नसलेल्या गाडीत
गियर शोधत राहिले.
मग सांगितलं, त्यांच्या डाव्या कानाशी, सावकाश:
ऋजुता एकटी येतेय.
चार बॅगा आहेत.
परतीचं तिकीट काढलेलं नाही.

पुढे कितीतरी वेळ गाडी नुसती वाहत गेली,
पडद्यावर बॅटरीची एक काडी कमी झाली.
ह्यांनी टोपी काढली, परत घातली.
"विमान किती वाजता टेकतं?"
"पाच चाळीस."

विमानतळाच्या दारात पोलीस शिट्टी मारतोय,
थांबू देत नाही, पुढे जाऊही देत नाही.
गर्दीत मरून स्वेटर दिसला,
आमच्यापेक्षा जाड, आमच्यापेक्षा गारठलेला.
इंजिन आपोआप लागलं.
"लागलं," हे म्हणाले, माझ्या आधी.
मग मागे वळून सीटवर हात फिरवला:
"हीटर वाढव जरा.
मागच्या सीटपर्यंत पोचत नाही."