रात्रभरासाठी

शनिवारी सात पंचवीसला काउंटरवर आली ती,
उलव्याच्या बसचं तिकीट मुठीत चुरगळलेलं.
हर्षला कडू, एम.ए. इतिहास, भाग दोन.
कार्डावर चार पुस्तकं, एकाचा दंड चौदा रुपये.
तो तिने भरला सुट्ट्यांत, मोजून,
आणि मग बोट केलं काचेच्या कपाटाकडे.
"सर, ते जाडं. फक्त रात्रभरासाठी."

त्या जाड्याच्या पाठीवर लाल पट्टी.
लाल पट्टी म्हणजे इथेच बसून वाचा.
सत्तावीस वर्षं हे वाक्य म्हणतोय मी,
पुजारी तीर्थ देतो तसं, समोर न बघता.

मिठागरांच्या मोजणीचा अहवाल तो.
शिवण उसवलेली, नकाशे घड्या घालून
मागच्या कागदी खिशात.
माझ्या काळात कुणी मागितला नव्हता.
धूळ पुसायलाही मीच काढायचो,
आणि न उघडता ठेवायचो.

वैजापूरकर मॅडम रजेवर होत्या.
"सोमवारी, दार उघडायच्या आत," मी म्हटलं.
नोंद केली नाही.

रविवारी मटण घशाखाली उतरेना.
बायको म्हणाली, पुस्तकच ना ते?
सोनं असल्यासारखं काय करताय!
मी काही बोललो नाही. तिला काय सांगणार,
सोनं हरवलं तर पोलीस शोधतात तरी.

सोमवारी वॉचमनच्या आधी ती पायरीवर.
ओढणीत गुंडाळलेलं, वर दुधाची पिशवी कापून लावलेली.
एकही पान मुडपलेलं नाही.
"वडिलांना दाखवायचं होतं. विमानतळात गाव गेलं ना आमचं.
पुनर्वसनाच्या घरात त्यांना दिशाच कळत नाहीत.
नकाशावर आमचा बांध सापडला, सर.
बोटाने चालले त्यावरून. दोनदा.
मग म्हणाले, ने आता, लोकांचं आहे."

ती वर्गाला गेली.
मी दार लोटलं, आणि पहिल्यांदा ते नकाशे उलगडले.

खाडी निळ्या शाईची, फिकटलेली.
बांध, कोंड्या, उघड्या, एकेक आकडा घातलेला.
रेल्वे नाही, सेक्टर नाहीत, आम्ही नाही.
पामबीचवरून जिथे वळतो आपण, त्याच्या जरा आत
कुण्या कारकुनाच्या तिरक्या अक्षरात:
धाकटं आगर. हाशा धर्मा तांडेल.

आजोबा.

बोट ठेवून अंदाज घेतला.
वाचनकक्षाची पश्चिमेची भिंत.
किंवा झेरॉक्स मशीन. नक्की सांगता येत नाही,
तेव्हा कुणी खांब मोजलेले नव्हते.

बाबा सांगायचे: उधाणाचं पाणी आत घ्यायचं,
कोंडीतून कोंडीत फिरवायचं, उन्हाला बसवायचं.
पाणी आपलं नसतं. उसनंच असतं ते.
जाताना जेवढं मागे ठेवतं, तेवढं मीठ.

म्हणजे दंडच की.

मी कॅल्क्युलेटर ओढला.
नोटीस आली त्र्याहत्तर साली. दिवसाला रुपया धरला तरी
एकोणीस हजारांच्या आसपास.
मोठ्याने हसलो. एवढ्यात नेरूळला
गाडी उभी करायची जागासुद्धा येत नाही.
आणि त्या नोटिशीत, ट्रंकेत आहे अजून,
परतीच्या तारखेचा रकानाच नव्हता.
त्याच्या बदल्यात एक दाखला आला. प्रकल्पग्रस्त.
त्याच्या बदल्यात ही खुर्ची.
खुर्ची बरी आहे. तक्रार नाही. पंखा डोक्यावरच आहे.

रजिस्टर उघडून मागची तारीख घातली.
नेलं: शनिवार. परत: सोमवार. शेरा: सुस्थितीत.
मॅडम विचारतील, विचारू देत.

नकाशे घडीवर घडी, जुन्याच मोडीने,
नाहीतर कागद तुटतो.
कपाटाला कुलूप लावलं, किल्ली वरच्या खिशात टाकली.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन
येत्या गुरुवारी आहे, वाशीला.
शनिवार त्यानंतर येतो.
आधी दिसायला तर लागू दे.