काट्याचं वजन

चोपड्याच्या मार्केट यार्डात, तीन नंबरच्या शेडखाली
दुपारी तो तोलकाट्याच्या पाट्यावर झोपतो.
मे महिन्यात यार्डात तेवढंच लोखंड गार.
म्हणून नावही काटाच.
तो घोरतो, लाल आकडा उमटतो,
आणि मी, मापाडी, कुणी न विचारता वाचतो:
दिवाळीला अठरा दोनशे.
संक्रांतीला सतरा.
परवा चौदा तीनशे.

पोत्यात चार किलो घट आली असती
तर शेतकऱ्याने माझी गचांडी धरली असती.
इथे धरणारं कुणी नव्हतं.

तडवी डॉक्टरांनी जबडा उघडला,
म्हणाले, दाढा गेल्या याच्या. शेवभाजी बंद.
कांदा तर वासालाही नको.
सुपडू हमाल चपलेकडे बघत राहिला.
त्याच्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी
रोज कुठे जाते, हे शेडला ठाऊक होतं;
तिच्यासोबत ठेचलेला कांदा जातो, हे नव्हतं.

वर्गणी निघाली.
बेबाबाईने चाळणीची दिवसाची मजुरी न मोजता दिली.
एका आडत्याने शंभराची नोट दिली
आणि देतानाचा फोटो काढून घेतला.

अकील मन्यारच्या दुकानात तीन पोती उघडी.
मी सवयीने मूठ घातली, गव्हात घालतो तशी, कोपरापर्यंत,
तळाचा दाणा वर काढला, दाताखाली धरला.
अकील ओरडला, आबा, ते कुत्र्याचं आहे!
म्हटलं, ठाऊक आहे.
गहू तरी कुठे माझा असतो?

पहिलं: मका. लाल-हिरवा रंगवलेला मका.
तेवीस वर्षं मका तोलतोय,
पाकिटावर काहीही नाव घाला, मी ओलावासुद्धा सांगेन.
दुसरं: आधी सुकटीसारखा वास, मग कोंबडी, मग तांदूळ,
शेवटी जिभेवर थोडी राख.
तिसऱ्या पोत्यावर बर्फाचा डोंगर आणि लांडगा,
किलोला सहाशे चाळीस.
ते चाखलं नाही. त्याच्याकडे बघून हात पुसले.

मग अकीलच्याच कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला.
मक्याचं एकशे दहा किलो, पण पोट भरायला
दिवसाला साडेतीनशे ग्रॅम, त्यातलं अर्धं
सकाळी कुंपणाशी तसंच पडणार.
दुसरं एकशे नव्वद, पण दोनशे वीस ग्रॅम पुरे.
साडेअडतीस रुपये, आणि एक्केचाळीस ऐंशी.
मधे तीन रुपये तीस पैसे.
एवढ्यात यार्डाच्या टपरीवर कटिंगसुद्धा येत नाही.

सुपडू म्हणाला, कुत्राले काय समजस भो,
स्वस्त ते घे, उरलेल्यात त्याला पट्टा.
बेबाबाई म्हणाली, तुला तरी काय समजतं,
तुझी बायको राशनचा तांदूळ दोनदा निवडते
तेव्हा तू विचारतोस का, कशाला?
सुपडू गप्प.
मी मधलं घेतलं. पाच किलो, पावतीसकट.
पाठीमागची तारीखही बघितली; अकीलला राग आला,
मग त्याने स्वतःच जुनं पोतं बाजूला सारलं.

दहा मिनिटं भिजवायचं, कोमट पाण्यात.
आपल्याकडे मे महिन्यात नळच कोमट.
पहिल्या दिवशी काट्याने ताटलीचा वास घेतला
आणि सुपडूच्या डब्याशी जाऊन बसला.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी सुपडू डबा घेऊन शेडमागे जेवला,
उन्हात, एकटा, घाम पुसत.
आल्यावर बघतो तर ताटली पालथी.

काल पंधरा शंभर.
बेबाबाई म्हणते, शेपटी पाट्याबाहेर होती,
उचलून आत ठेव, मग वाच.
आणि सुपडूच्या बोटांना भाकरीचा वास येतो,
कांद्याचा मात्र नाही, मी हुंगून बघितलंय.

बाहेर मक्याची ट्रॉली येऊन उभी राहिलेली,
पोरगा हॉर्नवर हॉर्न देतो.
मी हात वर केला:
थांब भो.
काट्यावर माल आहे.