अकरा मिनिटं

शनिवारी रात्री साडेअकराला जुना शेड्यूलर थांबवला.
थांबवला म्हणजे, नवीन काही घेऊ नकोस म्हटलं,
हातातलं तेवढं संपव.
सोळा वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

खराडी, आठवा मजला. बारानंतर एसी आपोआप बंद होतो,
तोही कुठल्यातरी वेळापत्रकात आहे
ज्याचा पासवर्ड आमच्यापैकी कुणाकडे नाही.
तांबोळीने खिडकी उघडून बघितली.
काचेला कडीच नव्हती.

बाराशे चाळीस जॉब.
पगार, कपात, स्टॉक, डिस्पॅच,
हा झाल्याशिवाय तो नाही,
थोरलीचं उरकल्याशिवाय धाकटीचं काढायचं नाही.
नव्या व्हर्जनला नाती कळतात,
वाट बघणं कळत नाही.
फाइल आली की ते उठतं.
घड्याळाकडे बघत बसणं त्याच्या रक्तात नाही.

एका कॅलेंडरचं नाव निघालं 'भोसरी गुरुवार'.
कारखान्याला आता रविवारी सुट्टी असते,
डिस्पॅच मात्र अजून गुरुवार पाळतो,
देव बदलला तरी उपास तोच.
ते मी दुरुस्त केलं. एक मिनिट लागलं.

मग सातशे आठ.
काही वाचत नाही, काही लिहीत नाही.
दोन वाजून दहाला सुरू होतो,
अकरा मिनिटं स्वस्थ बसतो
आणि 'यशस्वी' म्हणून उठतो.
रोज. एकदाही न पडता.
अख्ख्या यादीत इतकं निष्कलंक रेकॉर्ड कुणाचं नाही.

नव्या व्हर्जनने त्याच्याभोवती पिवळी चौकट आखली:
अनुत्पादक प्रतीक्षा. काढून टाकावे.

आत एकच ओळ, रोमन लिपीतलं मराठी:
ऑपरेटर एकटा असतो. जाऊन येऊ दे. घैसास.

घैसासांना मी सात महिने पाहिलंय.
चहा घेत नसत. डब्यात काकडीच्या चार फोडी, मोजून.
मी रुजू झाले त्या दिवशी म्हणाले,
लॉग वाचायला शिका, बाकीचं कुणी शिकवणार नाही.
तुसडे वाटले होते. अजूनही वाटतात.
निवृत्त झाले त्या संध्याकाळी केक कापायला थांबले नाहीत,
टेबलावर किल्ल्या आणि स्टेपलर ठेवून गेले.

गुर्जर मॅडमचा मेसेज: अकरा मिनिटं वाचतील,
क्लायंटला सोमवारी सांगता येईल.

तांबोळी म्हणाला, अहो, तेव्हाच तर मी उठतो.
मला वाटायचं त्या वेळी डेटाच कमी येतो.
खाली जातोस?
नाही, जिन्यात बसतो. तिथे रेंज नसते.

नव्या व्हर्जनमध्ये एक रकाना सक्तीचा आहे.
व्यावसायिक कारण.
'विश्रांती' लिहिलं. म्हणे, फार त्रोटक.
'ऑपरेटरची विश्रांती' लिहिलं.
म्हणे, मंजुरीसाठी वरिष्ठांकडे पाठवू का?
नको, म्हटलं.
बाहेर मुंढव्याच्या पुलावर एक ट्रक
उगाच हॉर्न देत गेला.

'फाइल स्थिरीकरण कालावधी.'
लगेच घेतलं. पिवळी चौकट गेली.
कुठली फाइल, हे त्याने विचारलं नाही,
आणि उद्या ऑडिटवाले विचारणार नाहीत.
घैसासांनी विचारलं असतं.

दोन दहा. सातशे आठ लागला,
नव्या घरात पहिल्यांदाच.
तांबोळी उठला. मी म्हटलं, थांब, मीही येते.
जिन्यातला दिवा सेन्सरवर आहे,
कुणी हललं नाही तर विझतो.
आम्ही तो विझू दिला.

सहाव्या मिनिटाला तांबोळीने
किती वाजले बघायला मनगट वर केलं
आणि दिवा पुन्हा लागला.