ताण

पौषात बाबा बगिच्याचं पाणी तोडतात.
ठिबकच्या नळ्या कोरड्या,
संत्र्याची पानं मुडपून कानासारखी,
आणि बाबा बांधावर बसून म्हणतात,
बसू दे ताण, त्याशिवाय आंबिया फुटत नाही.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ताण घेऊ नकोस.
मी हसले.
त्यांना वाटलं, मला पटलं.

वरुडच्या त्या दवाखान्यात भिंतीवर पाटी,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
खाली बाकावर सात पोटुशा बाया
आणि दोन बाटल्या पाणी दाबून धरलेली मी.
कंपाउंडरने कागद वाचला: कुमारी मनस्वी हरले.
कुमारी जरा मोठ्याने.
चौदा डोळे माझ्या ओढणीवरून खाली उतरले.
आईने पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.
पिशवीत मुरमुऱ्याचा चिवडा, आधार कार्ड
आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, खिळ्यासकट.
निळ्या पेनाने दुधाचे खाडे,
लाल पेनाने माझी तारीख.
भादव्यापासून नुसतं निळं.

पोटावर थंडगार जेल.
पडद्यावर राखाडी धुकं, धुक्यात
बारीक बारीक काळे दाणे, कडेकडेने बसलेले,
पंगतीत वाढप्याची वाट पाहत बसावं तसे.
आई म्हणाली, गाठी?
आमच्या गावात गाठ म्हणजे नागपूर,
मग डोक्याला रुमाल,
मग फोटोला हार.
गाठी नाहीत हो काकू, मॅडम म्हणाल्या,
बीजं आहेत. निघतात पिकायला, वाटेत थांबतात.
मग माझी मान वळवून बघितली.
मानेवरचा तो काळा पट्टा,
सातवीपासून वजरीने घासून
मी कितीदा रक्त काढलं होतं.
मळ नाही हा, त्या म्हणाल्या,
इन्सुलिन वाढलं की असं होतं.
घासू नको.

घासू नको.
एवढ्या दोन शब्दांसाठी
मी त्या टेबलावर रडले, जेल न पुसता.

घरी कौतिकाआत्याने फोटो मागितला.
दाराच्या उजेडात धरला, उलटा.
सहा वर्षं मुलताईला नांदून परत आलेली आत्या.
तिच्यामागं त्या घरात दुसरी आली,
तिला पाच झाली, हे आत्याच सांगते,
नावांसकट.
लहानपणी पहाटे गोठ्यात
मी तिच्यासमोर आरशाचा तुकडा धरून बसायची.
ती बोटांना राख लावून हनुवटीवरून काहीतरी उपटायची.
काटे, म्हणायची. तुरीत गेलते न, काटे रुतले.
मला खूप वर्षं वाटायचं,
तुरीला काटे असतात.

फोटो खाली ठेवून म्हणाली,
माह्यातही असंच असन का व?
मी म्हटलं, असेल. माहीत नाही.
मले देवाले नेलं, बाबाकडे नेलं,
लिंबू उतरवले, अंगारा खाल्ला.
आतून तं कोनी पायलंच नाई.
मग कितीतरी वेळ ती चिवड्यातले शेंगदाणे
निवडून निवडून एका बाजूला काढत राहिली.
तिच्या हनुवटीवर दोन पांढरे केस,
आता ती उपटतही नाही.

रोज चाळीस मिनिटं चाला, लिहून दिलंय.
गोळ्या रात्री जेवल्यावर.
आई चहात साखर घालताना चमचा अर्ध्यावर थांबवते
आणि जरा जास्तच जोरात डबा बंद करते.
पोरगी संध्याकाळची कुठं निघते, गल्ली विचारते.
आत्या चपला घालून पुढे उभी: फिराले जातो. येतं का?

काल चालत चालत बगिच्यापर्यंत गेलो.
आत्याने एक पान तोडलं, तळहातावर चुरलं, हुंगलं.
लय झाला ताण, पाणी सोड.
बाबा म्हणाले, अजून आठ दिवस, अक्का.
तुला नाही समजत त्यातलं.
आत्या काही बोलली नाही.
पदर खोचला, विहिरीकडे गेली
आणि दोन्ही हातांनी वॉल्व्हचा दांडा फिरवला.