सातवं-आठवं पान

शुक्रवारी सकाळी नऊला, सोहारमध्ये,
पेट्रोल पंपामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर
सोफा भिंतीला उभा टेकवला
की आमच्या हॉलची शाळा होते.

मुलं अकरा. सर्वांत धाकटी पाच वर्षांची,
थोरला पंधराचा, ओठांवर लव आलेला.
आणि पुस्तक एकच, हरवलेल्या गुंडीचं, बारा पानी.
विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा
लोणच्याची बरणी काढली आणि हे राहू दिलं.
सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

गोष्ट साधी आहे. दुसऱ्या पानावर
धोब्याच्या दोरीवरच्या शर्टाची गुंडी तुटते,
पायऱ्या उतरते, गटाराच्या काठाकाठाने जाते,
सहाव्या पानावर सायकलखाली येता येता वाचते.
नवव्यावर ती शर्टावर असते, छातीशी, ऐटीत.
मधला कागद फाटून गेलाय.
माझ्याकडे आलं तेव्हापासून नाही.

"बाई, गुंडी म्हणजे लेडी गुंडा?" रुजुलने विचारलं.
त्याच्या गणवेशाला चेन, बाबांच्या डांगरीला चेन.
म्हणून खाली मोतालेब शिंप्याकडे गेले.
त्याने बिस्किटांचा डबाच दिला, पोरक्या गुंड्यांनी भरलेला,
कुणाकुणाच्या दिशदाशांच्या, कोटांच्या,
आणि पैसे विचारले तर रागावला.

धाकट्यांनी वाटण्या केल्या:
दोन भोकांच्या इकडे, चार भोकांच्या तिकडे,
एक भोक बुजलेली, तिच्यावरून भांडण.
रुजुलने एक तोंडात घातली, मी काढली.
मधल्यांना सुईदोरा दिला. सुईत दोरा ओवणं
हे जोडाक्षरापेक्षा अवघड निघालं,
मृण्मयीने जीभ बाहेर काढून ओवला,
मग जुन्या चादरीवर टाके घातले, शब्द म्हणत:
टाका, गाठ, उसवणे, टीप.
"उसवणे" त्यांना फार आवडलं.
सगळ्यांनी लगेच उसवून पाहिलं.

मोठ्यांना म्हटलं, ते गेलेलं पान लिहा.
नुमान परकार म्हणाला, "बाळबोध आहे हे,"
आणि मोबाइल उलटा करून ठेवला, म्हणजे तयार आहे.

तेवढ्यात ओवी घाडी, वय वर्षं पाच,
पुस्तकाला नाक लावून बसलेली,
म्हणाली, "हा शर्ट तो नाहीये."

दुसऱ्या पानावरचा निळा. नवव्यावरचा पिवळा.
चार वर्षं मी हे पुस्तक शिकवतेय.
मी छपाईवर ढकललं असतं,
पण अकरा डोकी पुस्तकावर आदळली होती.

"चोरली असेल कोणी." "शर्टाला रंग दिला."
"निळा शर्ट लहान झाला त्या मुलाला."
नुमान खिडकीतून म्हणाला,
"दुसरीकडे लागली. कॉन्ट्रॅक्ट संपलं हिचं."
कोणी हसलं नाही, हसण्यासारखंच होतं तरी.
त्याच्या वडिलांची कंपनी गाशा गुंडाळतेय,
महिनाअखेरीला ते दापोलीला जातील,
जिथे तो आजवर फक्त सुट्टीला गेलाय.

मृण्मयीने निळ्या शर्टाच्या वतीने पत्र लिहिलं:
तुज्या जागी मी पिन लावली आहे. ती टोचते.
"तुज्या" मी दुरुस्त केलं नाही.
ओवीने गुंडीला चपला काढल्या.
नुमानने शेवटी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली:
पिवळ्या शर्टाची भोकं आधीपासूनच चार होती,
कोणीतरी तिच्याआधीही तिथे होतं.
मी विचारलं, मग पुढे?
"पुढे नववं पान," तो म्हणाला.

जुम्म्याची बांग झाली. खाली हॉर्न.
अकरा मुलांची अकरा सातवी-आठवी पानं
मी जागच्या जागी चिकटवली.
डबा मोतालेबला परत केला, एक कमी,
ती कोणी नेली ते विचारायचं नाही ठरवलं.
सोफा आडवा झाला.

पुस्तक आता नीट मिटत नाही,
मधोमध फुगून बसलंय.
त्यावर मी लोणच्याची बरणी ठेवते,
सासूबाईंनी यंदा कुणाहाती पाठवलेली.