बरोबरच्या खुणा

एकाच ओळीत तिन्ही नावांना दिली
शून्यांची रांग.
आमची विहीर, नैतामांची, शाळेमागची.
चैतापासून पातळी मोजत होते,
सुतळीला गाठी मारून,
आकडे हातावर बॉलपेननं.

नागभीडच्या लॅबमध्ये
लाईट जायच्या आत पहिलीत भरले: सात मीटर.
छापून पाहिलं
तर तिन्हींत सात.

पुन्हा केलं. पुन्हा सात.

गुरनुले सर मागून वाकले.
"अगं, तू तीन विहिरी खणल्याच नाहीस.
एकीलाच तीन नावं दिलीस.
बरोबरच्या खुणा लागोपाठ लावल्या
की असंच होतं."

मग प्रत्येकीला वेगळी रांग,
मध्ये स्वल्पविराम, धुऱ्यासारखा.
सात. साडेनऊ. अकरा.
बसले आकडे आपापल्या जागी.

घरी सांगितलं. आई गंज घासत होती.
"काऊन चुकलं म्हणते तुह्या कम्प्युटरचं?
मांगच्या उन्हाळ्यात नैतामानं मोटार लावली,
तं आपली बादली खडकाले लागली होती."

राखेच्या हातानं तिनं
गंज पालथा घातला.

ती जुनी ओळ मी खोडली नव्हती,
पुढे खूण करून निजवून ठेवली होती फक्त.
राहू दिली.