गुरुवारची भांडी

लवार नदीच्या दक्षिणेला, तळ्यांच्या मुलखात
एक मनोरुग्णालय होतं, कुंपण नसलेलं.
मी तिथली स्वयंपाकीण, मारिव्हॉन ल गेलेक,
ब्रिटनीकडची. कांदा चिरताना न रडणारी.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी
औषधांचा ट्रे माझ्या हातात दिला
आणि माझा एप्रन स्वतःच्या कमरेला बांधला.
त्या दिवशी सूप खारट झालं.
कुणी मेलं नाही.

भिंतीवर एक तक्ता होता.
आडवे वार, उभी कामं, चौकोनात नुसती नावं.
हुद्दा नाही, आजार नाही.
नवे पाहुणे माळ्याला डॉक्टर समजून
तासभर आपली झोप सांगत बसायचे,
माळी ऐकून घ्यायचा,
आणि खरं सांगते, काहींना त्यानंच बरं वाटायचं.

दर गुरुवारी पॅरिसहून एक तत्त्वज्ञ येत.
मस्य वेर्नेल. कोटाला बटण एकच.
जेवणघरात खुर्च्या सरकवून बोलायचे:
‘मी’ हे काही आतून कडी लावलेलं घर नव्हे,
इतरांच्या येण्याजाण्यानं
गवतात पडलेली पायवाट आहे ती.
मागे कुणीतरी टाळ्या वाजवायचं, भलत्याच जागी.

युलाली पुढच्या बाकावर.
तिला वर्षभर कुणी बोलताना ऐकलं नव्हतं.
तिनं हात वर केला.
‘मस्य, पायवाट वगैरे ठीक आहे.
पण आज भांड्यांची पाळी तुमची.’

त्यांनी घासली. बाह्या भिजवून, वाईट घासली.
तव्याचं बूड तसंच काळं ठेवून
पुढच्या गुरुवारी सांगू लागले:
कर्ता आधी नसतो. आधी क्रिया असते.
घासता घासता घासणारा घडतो.
‘घासल्यावर पुसायचंही असतं,’
युलाली म्हणाली.
हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी पाहिलं.

मग सरकारी माणूस आला, कोवळा, सर्दी झालेला.
खाटेमागे खर्च किती, विचारलं.
यांतले रुग्ण कोणते, विचारलं.
आम्ही तक्त्याकडे बोट दाखवलं.
त्यानं नाक पुसलं आणि अहवालात लिहिलं:
माहिती देण्यास नकार.

बंद करण्याचं पत्र तीन दिवस पडून राहिलं,
त्या आठवड्यात टपालाचा चौकोन रिकामा होता.
वेर्नेलनी लेख लिहिला, हजारोंनी सह्या केल्या.
कुलूप यायचं ते आलंच, नवंकोरं,
अजून तेलाचा वास असलेलं.

आता तो तक्ता नान्तच्या संग्रहालयात आहे.
काचेआड, हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रासकट.
खाली पाटी: समूहकृती, मिश्र माध्यम.
शाई, पेन्सिल, आणि तो पिवळा डाग,
तो माझ्या लोण्याचा.
एक मुलगी विद्यार्थ्यांना समजावत होती.
‘प्रतिकार’ हा शब्द तिनं पाच वेळा वापरला,
प्रत्येक वेळी घड्याळ बघून.

युलाली आली होती माझ्यासोबत, काठी टेकत.
काचेला नाक लावून वाचलं तिनं सगळं.
‘इथं चूक आहे,’ म्हणाली.
‘हा गुरुवार वेर्नेलचा नाही.
त्यांची आई गेली होती, मी घासली त्यांची.
कुणी खोडलंच नाही.’
आणि पर्समधून पेन्सिल काढली.

पहारेकरी धावत आला.
छातीवर नाव: अमादू सिसोको.
‘बाई, हात लावायचा नसतो.’
‘तुमची पाळी किती वाजता संपते?’
‘सहाला.’
‘मग थांबते मी.’
ती बाकावर बसली. मीही बसले,
गुडघे तसेही दुखत होते.

विद्यार्थी पुढच्या दालनात गेले.
अमादू काचेसमोर उभा राहिला, पाठ आमच्याकडे,
वर्षभर राखलेली वस्तू
बहुतेक पहिल्यांदाच वाचत.
बराच वेळ.
मग वळून म्हणाला,
‘सोमवारचा चौकोन रिकामा का आहे?’

युलाली थोडी सरकली.
बाकावर एका माणसापुरती जागा झाली.